चाकांवरचा उंबरा

दूध उतू गेलं आणि गाडी किंचाळायला लागली.

विमलने घाईघाईने गॅस बंद केला, पदराने वर वारा घातला, तरी छताला चिकटवलेली, धूर झाला की ओरडणारी ती पांढरी वाटी थांबेना. दूध फेसाळत ओट्यावर आलं आणि ओट्यावरून खालच्या कप्प्यात शिरलं. बाहेर टायर बघत बसलेला श्रीशैल एका उडीत आत आला, चपला बाहेर काढायचा स्वतःचाच नियम विसरून.

"अय्यो अक्का! काय केलात?"

"काही न्हाई रे. दूध उतू घातलं."

"मुद्दाम?"

"मग काय चुकून? नव्या घरात पहिल्यांदा दूधच उतू घालत असतेत."

श्रीशैलने वाटी फिरवून छतावरून काढली. त्याच्या मुठीत ती आणखी दोनदा ओरडली आणि गप्प झाली. तो हुमनाबादचा होता. हैदराबादच्या ज्या कंपनीकडून विमलच्या मुलाने, यज्ञेशने, ही गाडी पाच दिवसांसाठी भाड्याने घेतली होती, तिने गाडीबरोबर ड्रायव्हर म्हणून श्रीशैललाही पाठवलं होतं, आणि गाडीचं बरंवाईट झालं तर आपल्याला हुमनाबादेत तोंड दाखवता येणार नाही अशा चेहऱ्याने तो कालपासून वावरत होता.

"अक्का, हे घर न्हाई. गाडी हाय. परत द्यायची हाय."

हे विमललाही कळत होतं. पण जिला चूल आहे, नळ आहे, दोन पलंग आहेत आणि मागच्या अंगाला आतून कडी लावायची मोरी आहे, तिला गाडी म्हणायला जीभ वळली तरी हात वळत नव्हते. पहाटे अंघोळ करून ती नांदेडला बाबांच्या घरातून गल्लीत बाहेर आली, तेव्हा गाडी दारासमोर उभी होती आणि खाली एक रबरी पायरी उघडून ठेवलेली होती. पायरी दिसली म्हणून तिने समोर रांगोळी काढली. रांगोळी झाली म्हणून पायरीला हळदीकुंकू लावलं. मग दारावर तोरण नसणं बरं दिसेना. आणि तोरणापर्यंत आल्यावर दुधाचं काय एवढं?

समोरच्या वहिनी ओटीचं सामान घेऊनच आल्या. आत डोकावून त्यांनी पलंग दाबून पाहिला, नळ सोडून पाहिला आणि विचारलं, "भाड्यानं का होईना, पण घर झालं म्हणायचं की विमल तुझ्या बाबाचं?"

"हाव," मागून अमृतराव म्हणाले, "झालंच."

ते धुतलेलं धोतर नेसून, दोन्ही हातांत लाल फडक्यात गुंडाळलेला खंडोबाचा टाक धरून उभे होते. विमलचे बाबा. वय शहात्तर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पायरीला हात लावून तो कपाळी नेत ते आत चढले, उजव्या पायाने, आणि चुलीच्या वरच्या फळीवर देव बसवून दोन तांदूळ टाकते झाले. श्रीशैलने काही बोलायला तोंड उघडलं आणि देवाकडे बघून मिटलं.

अमृतरावांना घराबाहेर झोप येत नाही, हे साऱ्या नात्यागोत्यात माहीत होतं. लॉजच्या गादीवर आपल्याआधी कोण लोळलं असेल या विचाराने ते रात्र खुर्चीत बसून काढत. म्हणून आयुष्यभर पाण्याचे पाट दुसऱ्यांच्या गावाला नेऊनही ते स्वतः कुठे गेले नव्हते. यज्ञेश गाडीचे फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "आबा, गादी नवी, चादर घरची, चला हंपीला," तेव्हा त्यांनी फोटो तीन वेळा मोठा करून पाहिला आणि चक्क हो म्हणाले.

हंपी खरंच होतं. पण ते उद्या. आज भाऊबीज होती, आणि आज गाडी मुखेड-उदगीरवरून निलंग्याला जाणार होती. हे अमृतराव सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

निलंग्याला केवळाबाई होत्या. अमृतरावांची पाठची बहीण आणि विमलची सासू. आत्याच्याच घरी दिलेली पोर म्हणून विमलच्या लग्नात सगळे म्हणाले होते, लेक घरातल्या घरात राहिली. राहिली खरी. पुढे केवळाबाईंनी नवं घर बांधलं, वास्तुशांतीला अमृतराव भावाचा भरगच्च आहेर घेऊन गेले आणि परतीच्या आहेरात त्यांच्या मांडीवर टॉवेल-टोपी पडली. टॉवेल-टोपी आपल्याकडे फिरतीच असते. त्याबद्दल कुणी मनाला लावून घेत नाही. पण हा टॉवेल त्यांनी स्वतः उदगीरच्या एका लग्नात दिलेला होता. कोपऱ्यावरचा चहाचा डाग त्यांनी भर मांडवात ओळखला.

"माझाच टॉवेल मला?" ते म्हणाले. "या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार न्हाई."

केवळाबाईही त्याच बापाची लेक. "मग मी बी तुझ्या घरात पाऊल टाकणार न्हाई. तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाई."

याला वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत दर भाऊबीजेला केवळाबाई गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळत, ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं. ही बातमी नांदेडला पोचे आणि अमृतराव दोन दिवस कुणाशी बोलत नसत. विमलला खरोखरच भाऊ नव्हता, तीही सासूबरोबर गच्चीवर जाई. दोघींचं एकच ताट असे. खाली आल्यावर तिला दर वर्षी एकच गोष्ट खुपे: बाबांनी तिचं घर पाहिलेलं नव्हतं. वास्तुशांतीच्या दिवशी मांडवातूनच उठून गेले ते. तिचं स्वयंपाकघर कुठल्या अंगाला आहे हेही त्यांना माहीत नव्हतं. आई गेल्यापासून ते नांदेडला एकटे, डब्यावर. त्या डब्यातलं वरण विमलने एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की बाबांना आपल्या घरी पाटावर बसवून तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकायची. दुसरं काही नको होतं तिला.

यज्ञेशने तोड काढली ती अशी. आबांनी आजीचा उंबरा ओलांडायचा नाही ना? नका ओलांडू. गाडी आजीच्या दारात उभी करू. आजी ताट घेऊन गाडीत येईल, तिथेच आबांना ओवाळेल. ना ते तिच्या घरात, ना ती त्यांच्या घरात. एकदा तबक फिरलं की पुढे कोण कुणाला अडवतंय?

विमलला हे फार पटलं होतं. मुखेडपर्यंत तरी.

मुखेडला सणाचा बाजार होता. श्रीशैलने कडेला गाडी घेऊन इंजिन बंद केलं, तोच पायरीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. त्याच्यामागे त्याची म्हातारी. तिच्यामागे आणखी चौघं. यज्ञेश दार उघडून म्हणाला, "काय पाहिजे बाबा?"

"दोन्ही डोळे दाखवायचेत," म्हातारा म्हणाला.

"इथं डोळे तपासत न्हाईत."

"मग काय तपासतेत? गुडघे?"

रांग वाढायला लागली. शेवटी अमृतराव स्वतः खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "अहो, हे दवाखाना न्हाई. माझं राहतं घर हाय."

म्हाताऱ्याने गाडी मागूनपुढून पाहिली. "चांगलं बांधलंय," तो म्हणाला आणि बाजाराकडे गेला.

मुखेड मागे पडलं. अमृतराव खिडकीशी ऐसपैस बसले होते. बाहेर सोयाबीन निघालेली काळी रानं पळत होती आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की विमलला त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटलं.

"विमल, तू लई चांगलं काम केलंस," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, भाड्याच्या गाडीत परक्यासारखं वाटेल. पण तू उंबरा पुजलास, दूध उतू घातलंस. मी देव बसवला. आता हे रीतसर घर झालं. माझं घर."

विमल हसली. मग तिचं हसू जागच्या जागी गोठलं.

रीतसर घर. बाबांचं घर. आत्या बाबांच्या घरात पाऊल टाकत नाही.

तिने यज्ञेशला मागे बोलावून कुजबुजत सांगितलं. त्याला आधी काहीच कळेना. "आई, गाडी हाय ही. आरसी बुकात वाहन लिहिलंय."

"आत्याला आरसी बुक दाखवतोस?"

यज्ञेशने क्षणभर आजी डोळ्यांपुढे आणली. "पुसून टाक ना हळद," तो म्हणाला.

उदगीरला चहासाठी थांबले तेव्हा विमल ओलं फडकं घेऊन पायरीशी बसली. कुंकू निघालं. हळद मात्र रबराच्या नक्षीत जाऊन बसली होती. जितकी घासावी तितकी ती पसरली, आणि थोड्याच वेळात अर्ध्या पायरीवर होती ती सगळ्या पायरीवर झाली.

"सणाच्या दिवशी उंबरा पुसतेत का कुणी?" वरून बाबांचा आवाज आला.

"चिखल होता," विमल म्हणाली.

उदगीर सोडल्यावर फाट्यावरची पाटी अमृतरावांनी वाचली. "निलंगा?"

"शॉर्टकट हाय आबा," यज्ञेश म्हणाला.

"मी पाटबंधाऱ्यात होतो. मला शॉर्टकट शिकवतो?" ते बराच वेळ पाटीच्या दिशेने बघत राहिले, पाटी मागे गेल्यावरही. "न्या कुठूनही. मी माझ्या घरातून उतरणार न्हाई, एवढं सांगून ठेवतो." मग त्यांनी खिशातून छोटा कंगवा काढला आणि उरलेले केस दोनदा विंचरले.

निलंग्याच्या गल्लीत मार्तंड, विमलचा नवरा, एसटीच्या कंडक्टरसारखे हात हलवत उभा होता. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस!" गाडी केवळाबाईंच्या फाटकासमोर थांबली तेव्हा एका अंगाला त्यांची भिंत होती, दुसऱ्या अंगाला समोरच्यांची भिंत, आणि मधून मांजरानेही अंग चोरून जावं एवढीच जागा.

केवळाबाई घराच्या दारात तयार होत्या. नवं इरकल, हातात तबक, तबकात लावलेलं निरांजन. निरांजनाला हाताचा आडोसा करत त्या अंगण ओलांडून फाटकाबाहेर आल्या. खिडकीत अमृतराव बसलेले त्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं. अमृतरावांनीही तसंच केलं. गाडीचं दार उघडलं. केवळाबाईंनी पाय उचलला आणि खाली पाहिलं.

पाय तसाच मागे गेला.

"उंबऱ्याला हळद कुणी लावली?"

यज्ञेशने आईकडे पाहिलं.

"मी," विमल म्हणाली.

"तोरण?"

"मीच."

"दूध बी घातलं उतू," श्रीशैल पुढून म्हणाला. हे कुणाला तरी सांगायची तो केव्हापासून वाट बघत होता. "सगळं कपाट चिकट झालंय."

केवळाबाई दोन पावलं मागे सरल्या. "विमल, सांग तुझ्या बापाला. बोलले ते बोलले. मी त्याच्या घरात पाऊल टाकत नसते."

"बाबा, आत्या म्हणतेत..."

"ऐकलं मी. सांग तिला, बरोबर हाय तिचं. बोलल्या शब्दाला जागावंच माणसानं."

"आत्या, बाबा म्हणतेत..."

"ऐकलं."

यज्ञेश मध्ये पडला. "आजी, हे वाहन हाय. घराला चाकं असतेत का?"

"खंडोबाच्या रथाला बी चाकं असतेत," केवळाबाई म्हणाल्या. "त्यात काय डिझेल भरतोस?"

"अगदी बरोबर," अमृतराव खिडकीला म्हणाले. "विमल, सांग तिला, अगदी बरोबर बोलली."

वीस वर्षांत ही दोघं पहिल्यांदाच एका बाजूला आली होती, आणि ती बाजू नेमकी विमलच्या विरुद्धची होती.

मार्तंडने मान खाजवली. "आई, मी काय म्हणतो, दोघं बी रस्त्यावर या. रस्ता कुणाचाच न्हाई."

"रस्त्यावर?" केवळाबाईंनी लेकाकडे असं पाहिलं की तो फाटकाच्या मागे सरकला. "माझा भाऊ काय रस्त्यावर पडलाय, रस्त्यात ओवाळायला?"

"मार्तंडराव," अमृतराव म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. मग दुसरा. भाऊबीजेचा दिवस. गल्लीतल्या प्रत्येक घरी कुणाचा ना कुणाचा भाऊ यायचा होता, आणि ते सगळे आता गाडीच्या मागे तुंबले होते. मोटारसायकलींवर पेढ्यांचे पुडे लटकत होते. एका जीपमध्ये तीन भाऊ एकावर एक बसले होते. एकजण उतरून पुढे आला आणि म्हणाला, "काय शूटिंग हाय का?"

"घरगुती हाय," मार्तंड म्हणाला.

"मग घरात करा ना."

"तोच तर घोळ हाय."

चौथ्या घरातली एक बाई वाट बघून कंटाळली आणि ताट घेऊन सरळ गर्दीत शिरली. मोटारसायकलवर बसल्या बसल्याच तिने भावाला ओवाळलं. त्याने हेल्मेट वर सरकवून कुंकू लावून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ," केवळाबाई म्हणाल्या, "रस्त्यावर ओवाळायची पाळी आणली लोकांवर. विमल, सांग तुझ्या बापाला, गाडी मागं घे म्हणावं."

"विमल, सांग तुझ्या सासूला, मागं भाऊच भाऊ हायेत. जागा न्हाई."

"विमल, सांग त्याला, मग पुढं घे."

"विमल, सांग तिला..."

"मी सांगणार न्हाई."

विमल पायरीवर उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. आपलाच आवाज इतका मोठा येईल असं तिला वाटलं नव्हतं. हॉर्नसुद्धा थांबले.

"वीस वर्षं सांगून राहिले मी. हे म्हणतेत, त्या म्हणतेत. हे तुमचं घर, ते त्यांचं घर. माझं कोणतं हाय? तिथं मी सून, नांदेडला पाहुणी, आणि इथं या पायरीवर... इथं मी टपालपेटी हाय का?"

ती वळली आणि गाडीत शिरली. पण गाडीत रागाने जाण्यासारखं अंतर कुठे असतं? चार पावलांत गाडी संपली. पुढे फक्त मोरीचं दार होतं. ती आत गेली आणि तिने कडी लावली.

मोरी कपाटाएवढी होती. कमोडचं झाकण पाडून विमल त्यावर बसली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पोराचं लग्न करायच्या वयात, सणासुदीला, नव्या पैठणीत, संडासात रुसून बसलेली बाई! तोंडावर पाणी मारावं म्हणून तिने नळ सोडला.

सांगायला विमल नव्हती, त्यामुळे बाहेर कुणाला काही सांगता येत नव्हतं.

"आई, बाहेर ये ना," दाराशी यज्ञेश म्हणाला.

तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं.

मग लांबून, रस्त्यावरून, केवळाबाईंचा आवाज आला. "यज्ञेश, विचार तुझ्या आबाला, पोरगी रडून राहिली का."

"मी न्हाई विचारत. मी बी आत जाऊन बसीन."

"जागा न्हाई आत," श्रीशैल म्हणाला.

कुठेतरी एक हॉर्न हलकेच वाजला आणि त्याला कुणीतरी दटावलं.

"दादा," केवळाबाई म्हणाल्या.

विमलने श्वास धरला.

"दादा, रडण्याचा आवाज येतोय का?"

दाराजवळ बाबांची चाहूल आली. त्यांनी कान लावला असावा. "न्हाई," ते म्हणाले. "पाण्याचा येतोय."

विमलने हळूच नळ बंद केला.

"आता तो बी थांबला," बाबांचा आवाज घाबरा झाला. "केवळा, आता काहीच आवाज येत न्हाई."

"अरे मग दार वाजव! उभा काय राहिलास?"

"वाजवतो. उघडत न्हाई ती. तू अशीच कडबा ठेवायच्या खोलीत जाऊन बसायचीस. तुझ्यावर गेलीय."

"माझ्यावर? हट्ट सगळा तुझा हाय. सरक तिकडं, तुला बोलायचं कळत न्हाई."

गाडी एका अंगाला किंचित झुकली आणि पुन्हा सरळ झाली. बांगड्यांचा आवाज आला, मग दारावर थाप, अगदी जवळ. "विमल, उघड गं बाई. टपालपेटी कशाला म्हणतीस? मी कधी म्हणाले तसं? उघड, निरांजन विझून राहिलंय."

विमलचा हात कडीवर गेला. पण तेवढ्यात बाबा बोलले.

"केवळा."

"काय?"

"तू माझ्या घरात उभी हायस."

विमलने कडीवरचा हात काढला. या दोघांच्या मध्ये आता आपण गेलो तर सगळं मोडेल, असं तिला वाटलं. ती पुन्हा झाकणावर बसली.

केवळाबाई खाली बघत असतील, विमलला वाटलं, पायांकडे.

"तुझ्या?" शेवटी त्या म्हणाल्या. "हळद कुणी लावली?"

"विमलनं."

"दूध कुणी उतू घातलं?"

"विमलनं."

"मग घर कुणाचं? चूल पेटवती तिचंच ना? मी माझ्या सुनेकडं आले. तू इथं काय करून राहिलास?"

"माझा देव हाय इथं."

"देवाचं सोड, तो बोलावलं की येतो. तू कुणाच्या घरी आलास ते सांग."

बाबांनी खाकरून घसा साफ केला. "मग... लेकीच्याच म्हणायचं."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"काही खाल्लंस?"

"पोहे. चहा दोनदा."

"मग झालं की. आता कशाला तोंड पाडून बसतोस? बस तिथं, पूर्वेला तोंड कर. पूर्व कुठं हाय रे?"

"गाडी वळली की बदलती, अम्मा," श्रीशैल म्हणाला.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. "सगळे आत गेले! काढ रे, काढ!" आणि श्रीशैल, जो तासाभरापासून याच दोन शब्दांची वाट बघत होता, त्याने गाडी काढली.

विमलने दोन्ही हातांनी वॉशबेसिन धरलं. बाहेर तबक खणखणलं, केवळाबाई "अगं बाई" म्हणाल्या, आणि मागे सुटलेल्या साऱ्या भावांनी एकदम हॉर्न वाजवून गल्ली दणाणून सोडली.

ती बाहेर आली तेव्हा अमृतराव पलंगाच्या कडेवर अवघडून बसले होते. त्यांच्या कपाळाचं कुंकू एका धक्क्याने भुवईवर गेलं होतं. केवळाबाई एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने तबक फिरवत होत्या आणि निरांजनाची ज्योत प्रत्येक वळणावर वाकून पुन्हा उभी राहत होती. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. केवळाबाईंचे डोळे ओले होते, पण तूप जळत असलं की होतात.

मागच्या काचेतून मार्तंड दिसत होता. फाटकात एकटाच, हातात झारा. गाडी कोपऱ्यावरून वळली तशी तोही दिसेनासा झाला आणि दुसऱ्याच क्षणी यज्ञेशचा फोन वाजला. यज्ञेशने तो आजीच्या कानाला लावला.

"आई, पुऱ्या तळल्यात सगळ्यांच्या. श्रीखंड फ्रीजबाहेर हाय. मी काय करू?"

"खा," केवळाबाई म्हणाल्या.

औरादच्या रस्त्याला, गाव मागे पडल्यावर, एका लिंबाच्या झाडाखाली श्रीशैलने गाडी लावली. विमलने डब्यातलं ज्वारीचं पीठ काढलं. ओटा हातभर होता. थापताना भाकरीची कड भिंतीला लागत होती आणि कोपर नळाला. उदगीरला चहाच्या वेळी घेतलेली वांगी तिने चिरून तेलात टाकली. श्रीशैल फोडणीच्या वासाने दारात आला, वर छताकडे बघितलं, वाटी आपण सकाळीच काढून ठेवल्याचं आठवून निःश्वास टाकला आणि आपलंही ताट मागितलं.

अमृतराव आणि केवळाबाई त्या घडीच्या टेबलाशी समोरासमोर बसले होते. टेबल इतकं लहान होतं की दोघांचे गुडघे लागत होते, आणि दोघंही ते लागत नाहीत असं दाखवत होते. विमलने तव्यावरची पहिली भाकरी बाबांच्या ताटात टाकली. वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. त्यांनी चष्मा पुसला नाही, तसाच घास मोडला, वांग्याला लावला, तोंडात घातला.

विमल उलथनं हातात धरून उभी राहिली.

नांदेडला ती चार दिवस जाई तेव्हा बाबा तिच्या हातच्या प्रत्येक घासाला "लई झकास" म्हणत. पाहुणीचं मन राखावं तसं. आई होती तेव्हा आईला ते कधी तसं म्हणाल्याचं विमलला आठवत नव्हतं.

"मीठ कमी हाय," अमृतराव म्हणाले.

"कमीच घालती ती," केवळाबाई घास चावत म्हणाल्या. "रोज सांगते मी."

"तू आधी सांगायचं ना मला."

"कसं सांगणार होते? टपाल बंद होतं."

मिठाची डबी विमलच्या कोपराशीच होती. तिने ती उचलली नाही. तव्यावरची दुसरी भाकरी उलटत, पाठमोरीच, ती म्हणाली,

"तसंच खावा. माझ्या घरी असंच असतंय."